हत्ती कोणाच्या पायाखाली?

गेल्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. जिंतूर तालुक्यातल्या माझ्या गावी जयंतीची कमान उभारायची होती. माझ्याच कॉलेजात शिकणारी वस्तीतली चार पोरे पेंटरकडून नमुना घेऊन घरी आली. नमुन्यात एक सिंह होता. आयाळ पिंजारलेली, जबडा उघडा, आणि पुढचा पंजा एका हत्तीच्या मस्तकावर रोवलेला. हत्ती गुडघ्यावर आला होता. "सर, किल्ल्याच्या दरवाजावरून घेतलंय. कसं वाटतं?" मुलांनी विचारले. मी म्हणालो, विचार करून सांगतो. मुलांना ते रुचले नाही. जयंतीच्या कमानीवरच्या सिंहाविषयी विचार कसला करायचा?

पण मला विचार करावासा वाटला, याला कारण आहे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आजोबांनी येलदरीच्या धरणावर माती वाहिली. पूर्णेवरचे ते धरण १९६८ मध्ये पुरे झाले. आजोबांचे नाव त्या धरणाच्या कोणत्याही कागदावर शोधून सापडायचे नाही. अशा घरातून मी एम. ए. करायला विद्यापीठात गेलो आणि ग्रंथालयात युरोपीय प्रबोधनकाळाच्या चित्रांचे एक जाडजूड पुस्तक पहिल्यांदा हातात घेतले. त्यात राजे होते, घोडे होते, चिलखते होती, विजयाच्या कमानी होत्या. प्रत्येक चित्राखाली रंगसंगती, रचना, प्रकाश यांविषयी विद्वत्तापूर्ण मजकूर होता. घोड्याच्या लगामावरचा लाल रंग कसा बोलतो हे त्या पुस्तकाने मला शिकवले. घोड्याच्या टापेखाली कोण आले, हे मात्र त्यात कुठेच नव्हते.

प्रस्थापित कलासमीक्षेची ही जुनी खोड आहे. सत्तेचे चिन्ह ती वरून खाली वाचते. आधी राजा, मग मुकुट, मग शस्त्र, मग घोडा. खाली येईपर्यंत तिची शाई संपते. ज्यांचे पूर्वज चित्राच्या सर्वांत खालच्या पट्ट्यात होते किंवा चित्राच्या चौकटीबाहेर होते, त्यांनी हेच वाचन घोकत बसायचे काय? मला वाटते, आपण चिन्ह खालून वर वाचले पाहिजे. खाली कोण आहे? त्याला नाव आहे काय? हे चिन्ह घडवले कोणी, वाहिले कोणी? या प्रश्नांनी चित्राचे सौंदर्य कमी होत नाही. त्याचा आशय मात्र पुरता उघडा होतो.

प्रथम युरोपकडे पाहू. जर्मन सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याला रोमन बादशहांसारखी विजयकमान हवी होती. दगडाची कमान परवडणारी नव्हती. म्हणून त्याने ती कागदावर उभारली. आल्ब्रेख्ट ड्यूरर आणि इतर कलावंतांच्या रेखाटनांवरून १९० हून अधिक लाकडी ठसे कोरले गेले. त्यांचे छाप एकमेकांना जोडले की सुमारे दहा फूट उंचीची कमान तयार होते. १५१५ चा आकडा तिच्यावर आहे. कमानीच्या मधोमध घराण्याचा वृक्ष आहे आणि त्याची मुळे थेट ट्रॉय नगरीपर्यंत नेली आहेत. वंश मोठा नसला तर तो मोठा करून घेता येतो. त्यासाठी एक पंडित आणि एक चित्रकार पुरेसा होतो. आपल्याकडे हे काम भाट आणि शास्त्री करीत आले, तेव्हा आपल्याला यात नवल वाटू नये.

त्याचा नातू सम्राट पाचवा चार्ल्स. २४ एप्रिल १५४७ रोजी एल्ब नदीकाठी म्यूलबर्ग येथे त्याने प्रॉटेस्टंट सरदारांचा पराभव केला. पुढल्याच वर्षी तिशियन या चित्रकाराने त्याचे अश्वारूढ चित्र रंगवले. माणसाच्या दुप्पट उंचीचे हे चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. हातात लांब भाला, अंगावर चकाकते चिलखत, मागे मावळतीचे आकाश. सम्राट संधिवाताने जर्जर झाला होता, पण चित्रात तो ताठ बसला आहे. आणि चित्रात दुसरे माणूसच नाही. लढाईचे चित्र, पण शत्रू नाही, प्रेत नाही, एक शिपाईसुद्धा नाही. हजारो माणसांनी केलेली लढाई एका माणसाच्या नावावर जमा झाली. समीक्षक या एकटेपणाला भव्य म्हणतात. मी त्याला सातबारा म्हणतो. जमीन कसली अनेकांनी आणि नाव लागले एकाचे.

या चित्राचा रंग वाळतो न वाळतो तोच, १५४९ मध्ये, आपल्या मुलखात एक दुसरी कलाकृती ओतली जात होती. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत मुहम्मद बिन हसन रूमी या ओतकामाच्या उस्तादाने मलिक-ए-मैदान ही तोफ ओतली. लांबी चौदा फुटांवर, तोंडाचा व्यास सव्वादोन फुटांवर, वजन सुमारे ५५ टन. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. तिचे तोंड सिंहाच्या उघड्या जबड्यासारखे घडवले आहे आणि त्या जबड्यात, दातांखाली चिरडला जाणारा हत्ती आहे. तिशियनने पराभूत माणूस पुसून टाकला. रूमी उस्तादाने तो दातात धरून दाखवला. दोघांत अधिक प्रामाणिक कोण, याचे उत्तर मला तरी अवघड वाटत नाही.

ज्या घराण्याने ही तोफ ओतवली त्याचे मूळ आमच्या परभणी जिल्ह्यातले आहे. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण होता आणि त्याचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी होते. पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. बुऱ्हाणने तिच्यासाठी लढाया केल्या, १५१८ मध्ये ती घेतली आणि फिरिश्त्याच्याच सांगण्यानुसार आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली. धर्म बदलला, भाषा बदलली, मुकुट आला. वतन मात्र वतनदाराच्याच घरी परत गेले. इतिहासाच्या वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुले हसतात. मग एखादा विचारतो, "सर, पाथरीच्या महारवाड्याला काय मिळालं?" तोफेच्या जबड्यातल्या हत्तीकडे बोट दाखवण्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नसते.

ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती तेथून विजापूरला नेली. ती ओढायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. बैल मोजले गेले, हत्ती मोजले गेले. माणसे शेकड्यांत राहिली. जिवंत हत्ती घामाघूम होऊन एक तोफ ओढत आहेत आणि त्या तोफेच्या तोंडात हत्तीच चिरडला जात आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे. वेठीच्या माणसाचे याहून नेमके चित्र कोणत्या चित्रकाराने काढले आहे? सरकारी ओझी गावोगाव पोचवण्याचे काम गावगाड्यात कोणाच्या कपाळी होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले तेव्हा त्याच तोफेवर त्याने आपल्या विजयाचा लेख कोरवला. धनी बदलला, लेख बदलला; जबड्यातला हत्ती जागचा हलला नाही.

आता एका चित्राकडे वळू. ते आपल्या मराठवाड्याविषयी आहे आणि त्याची चिन्हे थेट युरोपातून आलेली आहेत. जहांगीर बादशहाचा चित्रकार अबुल हसन याने सुमारे १६१६ मध्ये ते काढले. आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून धनुष्य ताणतो आहे. समोर भाल्याच्या टोकावर एक काळे मुंडके खोचले आहे आणि त्यावर घुबड बसले आहे. आकाशातून पंखांची पोरे बादशहाला शस्त्रे पुरवीत आहेत. पृथ्वीचा गोल आणि पंखांची पोरे ही युरोपीय चित्रांतली मंडळी. पाद्र्यांनी आणि वकिलांनी आणलेल्या चित्रांतून मुघल कारखान्यात आलेली. पृथ्वीचा गोल मात्र आपल्याकडच्या बैलाच्या पाठीवर आहे आणि बैल माशाच्या पाठीवर.

ते मुंडके मलिक अंबरचे आहे. हबशाण देशात जन्मलेले, गुलाम म्हणून अनेकदा विकले गेलेले हे मूल अहमदनगरच्या चंगीझखानाच्या पदरी आले. चंगीझखान स्वतःही हबशी. या गुलामाने पुढे बुडती निजामशाही खांद्यावर घेतली, खडकी शहर वसवले, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि तेथे नहर खेळवली. १६१६ च्या आरंभी मुघलांनी जालन्याजवळ रोषणगाव येथे त्याचा पराभव केला आणि खडकी जाळली, हे खरे. पण त्याचे मुंडके जहांगीरच्या हाती कधीही लागले नाही. तो पुन्हा उभा राहिला, १६२४ मध्ये भातवडीला त्याने मुघल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजा मोडल्या आणि १६२६ मध्ये, म्हातारपणी, आपल्या मरणाने मेला. त्याची कबर खुलताबादला आहे.

म्हणजे चित्र खोटे आहे. जे रणात जमले नाही ते कागदावर केले. सत्तेचे प्रत्येक चिन्ह पराक्रमातून येते असे आपण धरून चालतो. हे चित्र सांगते की ते कित्येकदा भीतीतून येते. सर्व हिंदुस्थानच्या बादशहाला एका माजी गुलामाची इतकी धास्ती होती की त्याला मारल्याचे स्वप्न रंगवून घ्यावे लागले. आणि त्या स्वप्नातही अंबरचा सर्वांत मोठा गुन्हा त्याचा रंग आहे. चित्रावरच्या फारसी लेखांत त्याच्या काळेपणाला रात्रीची उपमा देऊन घुबडाशी त्याचे नाते जोडले आहे. ज्याला तलवारीने हरवता येत नाही त्याला जन्मावरून हिणवायचे, ही रीत फक्त आपल्याच गावातली नव्हे.

या चित्रावर लिहिणारे बहुतेक जण जहांगीरकडे पाहतात, थोडे अंबरकडे. मी बैलाकडे पाहतो. बादशहा पृथ्वीवर उभा आहे, पण पृथ्वी बैलाच्या पाठीवर आहे. चित्रकाराने परंपरेने आलेली कल्पना म्हणून तो काढला असेल. पण एवढ्या सगळ्या वजनाखाली उभा राहणारा चित्रात तो एकटाच आहे.

इथपर्यंत लिहिणे सोपे होते. राजे आणि बादशहा आपले नव्हतेच. पुढचा प्रश्न अवघड आहे. खालचा माणूस वर गेला की चिन्ह बदलते काय?

मुरूड-जंजिऱ्याच्या दरवाजावर एक शिल्प आहे. वाघासारख्या प्राण्याने चार पंजांत चार हत्ती दाबले आहेत आणि शेपटीत आणखी एक गुंडाळला आहे. दख्खनच्या अनेक किल्ल्यांवर असे शरभ आहेत. आमच्या पोरांच्या पेंटरने नमुना घेतला तो यांतल्याच एकाचा. जंजिऱ्याचे राज्यकर्ते सिद्दी, हबशी वंशाचे. ज्यांच्या पूर्वजांनी गुलामांचा बाजार पाहिला होता, त्यांची सत्ता १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्या पाच हत्तींखालून ये-जा करीत राहिली. वरचा प्राणी कोण एवढेच बदलले होते. खालच्या हत्तींची संख्या कमी झाली नव्हती.

आणि खुद्द मलिक अंबर? आपल्यातले काही लेखक त्याला आपला पूर्वज मानू पाहतात. त्या भावनेचा मी आदर करतो. त्याने जमिनीची प्रतवारी लावून शेतसाऱ्याला शिस्त आणली, हे त्याचे मोठे काम. पण ते त्याने पाटील-कुळकर्ण्यांची वतने घट्ट करूनच केले. गावगाड्याचा कणा त्याने मोडला नाही. त्याच्यावरच आपला महसूल उभा केला. गुलामी भोगलेला माणूस वजीर झाला, तरी गावकुसाबाहेरचा माणूस गावकुसाबाहेरच राहिला. जहांगीरच्या चित्रातले मुंडके पाहून संताप यावा हे योग्यच. तो संताप अंबरच्या राज्यातला महारवाडा विसरायला लावत असेल, तर मात्र आपणही चित्र वरूनच वाचू लागलो असे म्हणावे लागेल.

भीमा कोरेगावच्या स्तंभाचा विचारही याच कसोटीवर केला पाहिजे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो उभारला. त्याचा आकार युरोपचा, उद्देश साम्राज्याचा. पण त्या दगडावर मृतांची नावे कोरली गेली आणि त्यांत वीसहून अधिक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. तिशियनच्या चित्रात जे नाही ते येथे आहे: लढणाऱ्याचे नाव. कंपनीने ते आपल्यावरच्या प्रेमाने कोरले नाही. याच इंग्रजांनी पुढे महारांची लष्करभरती बंद केली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, आणि कंपनीच्या विजयाचा दगड आपल्या माणसांच्या स्मृतीचा दगड झाला. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावरही आधी तो स्तंभ होता. नंतर त्या जागी कट्यार आली. चिन्हाचा अर्थ दगडात गोठलेला नसतो, वाचणारा तो बदलू शकतो, हे त्या स्तंभाने शिकवले. पण तो बदलला तो नावांच्या आधारावर. कोणाला पायाखाली घेऊन नव्हे.

मुलांना उत्तर द्यायचे होते. मी हे सारे त्यांना अंगणात बसवून सांगितले. मलिक-ए-मैदान सांगितली, जंजिरा सांगितला. मुले शहाणी आहेत, ऐकून घेतात. पण एकाने मला बरोबर पकडले. तो म्हणाला, "सर, आजपर्यंत आपणच पायाखाली होतो. एक दिवस चित्रात तरी वर असू द्या की. आपल्याच लोकांनी पँथर काढली होती ना? पँथर काय गवत खातो?" मला चटकन उत्तर सुचले नाही. अपमान गिळलेल्या पिढ्यांच्या पोटातून आलेला तो प्रश्न होता आणि त्याला पुस्तकी उत्तर देणे मला लाजिरवाणे वाटले.

आजी ओसरीवर बसून ऐकत होती. आता नव्वदीकडे झुकली आहे. शाळेत कधी गेली नाही. तिने नमुन्याचा कागद मागितला, डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "पोराहो, ह्या हत्तीवर तर म्या शिक्का मारला होता. बाबासाहेबाचा हत्ती हाय ह्यो. त्याला कामून दाबून ठिवलंय?"

अंगणात कोणी बोलेना. इतिहासाचा प्राध्यापक मी, आणि हे माझ्या ध्यानात आले नव्हते. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची निवडणुकीची निशाणी हत्ती. रिपब्लिकन पक्षानेही तीच निशाणी पुढे नेली. आजीने उमर भरल्यावर पहिले मत दिले ते त्या हत्तीला. जो हत्ती तोफांच्या तोंडात आणि किल्ल्यांच्या दरवाजांवर पराभवाची खूण म्हणून शतकानुशतके चिरडला जात होता, तोच हत्ती मतपत्रिकेवर नुसता उभा राहिला. त्याच्या पाठीवर राजा नव्हता, अंबारी नव्हती, आणि पायाखाली कोणी नव्हते. निरक्षर बाईला तो ओळखता आला. माझ्या मते मतपत्रिकेवरचा तो साधा छापील हत्ती तिशियनच्या घोड्यापेक्षा मोठी कलाकृती नाही, पण मोठे चिन्ह आहे. कारण त्याने वरची जागा मागितली नाही. वर आणि खाली ही रचनाच नाकारली.

हे वाचून कोणी म्हणेल, राजमुद्रेवर तर सिंहच आहेत. आहेत. सारनाथच्या स्तंभशीर्षावरून २६ जानेवारी १९५० रोजी आपण ती घेतली. पण ते शीर्ष नीट पाहावे. चार सिंह पाठीला पाठ लावून उभे आहेत आणि कोणाच्याही पंजात काही नाही. त्यांच्या खालच्या पट्ट्यात हत्ती, घोडा, बैल आणि सिंह एकामागून एक चालले आहेत. दोन प्राण्यांच्या मध्ये एकेक चक्र आहे. हत्ती आणि सिंह एकाच वाटेवर, एकाच उंचीचे. छापील राजमुद्रेत समोरून फक्त बैल आणि घोडा दिसतात. हत्ती पलीकडच्या बाजूला राहतो. अशोक सम्राट होता, कलिंगात त्याने लाखभर माणसे मारली. पण तो आकडा त्याने स्वतःच पश्चात्तापासह दगडावर कोरवला. मारलेल्यांची संख्या स्वतःच्या लेखात लाजेने लिहिणारा दुसरा सम्राट मला माहीत नाही. शुद्ध चिन्ह इतिहासात मिळत नाही. निवड करावी लागते, आणि ती डोळे उघडे ठेवून करावी लागते.

नामांतराची लढाई लढलेल्या मराठवाड्यात चिन्हांचे महत्त्व मी कमी लेखणार नाही. विद्यापीठाच्या पाटीवरच्या एका नावासाठी आपल्या माणसांची घरे जळाली, जीव गेले, आणि १९९४ साल उजाडावे लागले. ज्यांना चिन्हे फुकट मिळाली त्यांनी आपल्याला "पुतळ्यांपेक्षा प्रश्नांकडे पाहा" असे शिकवू नये. माझे म्हणणे आपल्या माणसांशी आहे. कमान, पुतळा, झेंडा, बॅनर यांवर आपण आज खूप खर्च करतो आणि राजेशाहीची सगळी सामग्री उचलून आणतो: सिंहासन, छत्र, तलवार, पायाखालचा शत्रू. ज्या बाबासाहेबांच्या हातात पुस्तक आहे आणि बोट पुढे आहे, त्यांच्या मागे आपण जहांगीरचा तेजोगोल लावतो. हे उसने वैभव आपल्याला मोठे करीत नाही. उद्या एखादा आपलाच माणूस त्या सिंहासनावर बसेल आणि पंजाखाली कोणाला तरी घेईल, याची तयारी मात्र ते करून ठेवते.

आमच्या कमानीवर या वर्षी चार प्राणी रांगेत चालले. पेंटरला हत्ती नीट जमला नाही, तो थोडा म्हशीसारखा झाला. पँथरचा प्रश्न विचारणारा मुलगा अजून माझ्याशी पूर्ण सहमत नाही. त्याला रांगेत पुढे सिंहच हवा होता. आम्ही पुढे हत्ती ठेवला. पुढल्या वर्षी कमानीच्या एका खांबावर येलदरीच्या धरणावर माती वाहिलेल्या वस्तीतल्या माणसांची नावे लिहायची, असे त्याने सुचवले आहे. नावे गोळा करण्याचे काम त्याच्याकडेच दिले आहे. आजी सांगते आणि तो वहीत उतरवून घेतो.